संगणक हार्डवेअर अभियांत्रिकीसाठी महाविद्यालयाची निवड

संगणक हार्डवेअर अभियांत्रिकीसाठी महाविद्यालयाची निवड म्हणजे संगणकाच्या प्रत्यक्ष भागांची रचना, चाचणी व निर्मिती शिकविणारी शाखा आणि ती शिकविण्यास समर्थ असलेली संस्था यांची पारख होय. प्रोसेसर, मेमरी, मुद्रित परिपथ फलक आणि त्यांना जोडणारे परिपथ हे या विद्याशाखेचे मुख्य विषय आहेत. भारतातील बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत 'हार्डवेअर अभियांत्रिकी' या नावाची स्वतंत्र पदवी नसते. हे शिक्षण इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार, विद्युत, संगणक अशा निरनिराळ्या शाखांत विखुरलेले आहे. त्यामुळे शाखेचे नाव किंवा महाविद्यालयाची सर्वसाधारण ख्याती यांपेक्षा प्रत्यक्ष अभ्यासक्रम, प्रयोगशाळा आणि अध्यापकवर्ग यांची पाहणी या निवडीत अधिक महत्त्वाची ठरते. प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील बारावीनंतरच्या पदवी प्रवेशाचा विचार केला आहे.

'हार्डवेअर' शब्दाचे दोन अर्थ

मराठी बोलण्यात 'हार्डवेअरचा कोर्स' म्हटले की सहसा संगणक जोडणे, बिघडलेला भाग ओळखून बदलणे, कार्यप्रणाली बसविणे आणि जाळेजोडणी करणे असा अर्थ घेतला जातो. हे देखभाल-दुरुस्तीचे कौशल्य आहे. ते औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभाल या एक वर्षाच्या व्यवसाय-अभ्यासक्रमातून किंवा खासगी वर्गांतून शिकता येते. त्यासाठी चार वर्षांच्या पदवीची गरज नसते.

अभियांत्रिकीच्या अर्थाने हार्डवेअर म्हणजे जो भाग अद्याप अस्तित्वात नाही त्याची रचना करणे. बिघडलेली मेमरी बदलणारा तंत्रज्ञ आणि मेमरीशी प्रोसेसरचा संवाद घडविणारा परिपथ रचणारा अभियंता यांची कामे वेगळी, त्यांना लागणारी गणिताची व भौतिकीची तयारीही वेगळी. दोन्ही कामे समाजाला आवश्यक आहेत. परंतु एकाची अपेक्षा ठेवून दुसऱ्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास विद्यार्थ्याची वर्षे आणि कुटुंबाचा पैसा दोन्ही वाया जातात.

अभियांत्रिकीतील हार्डवेअरचे स्थूलमानाने तीन स्तर मानता येतात. पहिला स्तर चिपचा : ट्रान्झिस्टर व तर्कद्वारे यांपासून एकात्मिक परिपथाची रचना. दुसरा स्तर फलकाचा : तयार चिप एका मुद्रित परिपथ फलकावर योग्य वीजपुरवठा व संकेतमार्गांसह बसविणे. तिसरा स्तर प्रणालीचा : अनेक फलक व प्रोसेसर एकत्र आणून संपूर्ण यंत्र उभे करणे. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, १९९१ मध्ये सिद्ध केलेला 'परम ८०००' हा महासंगणक तिसऱ्या स्तराचे ठळक उदाहरण होय. त्यातील प्रोसेसर परदेशी बनावटीचे होते. ते मोठ्या संख्येने एकमेकांशी जोडून एकच यंत्र म्हणून चालविण्याची रचना मात्र भारतीय अभियंत्यांनी केली. त्याआधी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेला 'टिफ्रॅक' हा निर्वात नलिकांवर चालणारा संगणक तर परिपथांपासून संस्थेतच घडविला गेला होता. आपल्याला यांपैकी कोणत्या स्तरावर काम करावयाचे आहे याची ढोबळ कल्पना असल्यास शाखेची निवड सोपी होते.

शाखांची नावे आणि त्यांतील आशय

अमेरिकेत संगणक अभियांत्रिकीचा पहिला पदवी अभ्यासक्रम १९७१ मध्ये केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात सुरू झाला. तेथे या नावाने विद्युत अभियांत्रिकी व संगणकशास्त्र यांच्या सीमेवरील, हार्डवेअरकडे झुकलेली विद्याशाखा ओळखली जाते. भारतात मात्र 'संगणक अभियांत्रिकी' आणि 'संगणकशास्त्र व अभियांत्रिकी' ही नावे व्यवहारात जवळजवळ समानार्थी झाली असून दोहोंचा भर आज्ञावली, विदासंच, जाळे व कृत्रिम बुद्धिमत्ता यांवर असतो. नावातील 'संगणक' या शब्दावर विसंबून हार्डवेअर शिकण्यासाठी प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याची निराशा होण्याचा संभव असतो तो यामुळेच.

सर्वसाधारणपणे आढळणाऱ्या शाखा पुढीलप्रमाणे आहेत :

• संगणक अभियांत्रिकी : अंकीय इलेक्ट्रॉनिक्स, संगणक संघटन आणि मायक्रोप्रोसेसर हे विषय बहुधा असतात, त्यापुढील अभ्यासक्रम मुख्यतः सॉफ्टवेअरचा असतो.

• इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार : परिपथ, संकेतप्रक्रिया, अंतःस्थापित प्रणाली व चिपरचना यांबरोबर दळणवळणाचे विषयही असतात. हार्डवेअरकडे जाण्याचा महाराष्ट्रातील हा रुळलेला मार्ग आहे.

• इलेक्ट्रॉनिक्स व संगणक अभियांत्रिकी : दोन्हींचा संगम. संगमात कोणत्या बाजूचे पारडे जड आहे हे संस्थेनुसार बदलते. म्हणून या शाखेचा अभ्यासक्रम विशेष काळजीने पाहावा लागतो.

• इलेक्ट्रॉनिक्स (व्हीएलएसआय रचना व तंत्रज्ञान) : अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ मध्ये यासाठी नमुना अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. चिपरचनेसाठी ही सर्वांत थेट शाखा आहे. मात्र ती नवी असल्याने अध्यापक व प्रयोगशाळा यांची तयारी तपासणे अगत्याचे ठरते.

• विद्युत अभियांत्रिकी : भारतीय प्रौद्योगिकी संस्थांसारख्या काही संस्थांत सूक्ष्मइलेक्ट्रॉनिक्स याच विभागात शिकविले जाते. इतरत्र मात्र या शाखेत वीजनिर्मिती, पारेषण व विद्युतयंत्रे यांना प्राधान्य असते.

• उपकरणीकरण : संवेदक, मापन व नियंत्रण यांवर भर असतो. फलक व अंतःस्थापित प्रणालींच्या कामाला ही पार्श्वभूमी उपयोगी पडते.

अभ्यासक्रमाची तपासणी

विद्यापीठे व स्वायत्त महाविद्यालये आपला अभ्यासक्रम संकेतस्थळावर प्रसिद्ध करतात. माहितीपत्रकातील वर्णनापेक्षा हा दस्तऐवज अधिक विश्वसनीय असतो. त्यात दुसऱ्या वर्षी परिपथ विश्लेषण, इलेक्ट्रॉनिक उपकरणे व अंकीय तर्करचना. तिसऱ्या वर्षी संगणक वास्तुरचना, मायक्रोकंट्रोलर, व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल यांसारखी हार्डवेअर वर्णनभाषा. आणि चौथ्या वर्षी चिपरचना, रचनेची पडताळणी व चाचणी, अंतःस्थापित प्रणाली असा क्रम असल्यास त्या शाखेला हार्डवेअरचा कणा आहे असे समजता येते.

हे विषय अनिवार्य आहेत की ऐच्छिक, हाही प्रश्न महत्त्वाचा असतो. ऐच्छिक विषयांची यादी लांबलचक असली तरी पुरेसे विद्यार्थी किंवा शिकविणारे अध्यापक नसल्यास त्यांतील अनेक विषय प्रत्यक्षात सुरूच होत नाहीत. मागील दोन वर्षांत कोणते ऐच्छिक विषय शिकविले गेले, ही माहिती विभागाकडून किंवा तेथील विद्यार्थ्यांकडून मिळू शकते.

अभ्यासक्रम एकसंध आहे की विषयांची केवळ जुळवाजुळव, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. दोन अंकांची बेरीज करणारा लहानसा परिपथ दुसऱ्या वर्षी शिकविला जातो. असे परिपथ जोडून अंकगणिती व तार्किक क्रिया करणारा विभाग तयार होतो. त्याला नोंदवह्या, म्हणजे रजिस्टर, आणि नियंत्रक परिपथ जोडला की एक साधा प्रोसेसर उभा राहतो. चांगल्या विभागात विद्यार्थी हा प्रवास तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षापर्यंत स्वतः पूर्ण करतो आणि आपण रचलेला प्रोसेसर एफपीजीए या पुनर्रचनाक्षम चिपवर चालवून पाहतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संकुलात २०१० मध्ये आकारास येऊ लागलेला 'रिस्क-५' हा मुक्त आज्ञासंच कोणासही विनामूल्य वापरता येत असल्याने असे प्रकल्प आता लहान महाविद्यालयांनाही शक्य झाले आहेत. मद्रास येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेचे 'शक्ती' व सी-डॅकचे 'वेगा' हे भारतीय प्रोसेसर याच आज्ञासंचावर आधारलेले आहेत.

प्रयोगशाळा व अध्यापक

हार्डवेअरचे शिक्षण केवळ फळ्यावर होत नाही. दोलनदर्शी, तर्कविश्लेषक, एफपीजीए फलक, मायक्रोकंट्रोलर संच आणि डाखकामाची सोय ही किमान साधने होत. या साधनांच्या अस्तित्वाइतकाच त्यांचा वापरही पाहावा लागतो. एका संचाभोवती किती विद्यार्थी असतात, तासिकेबाहेर प्रयोगशाळा खुली असते का, उपकरण बिघडल्यास ते किती दिवसांत दुरुस्त होते, यांवर शिक्षणाचा कस ठरतो. कपाटात बंद असलेले महागडे उपकरण पाहणीच्या दिवशी उपयोगी पडते, विद्यार्थ्याला नाही.

चिपरचनेसाठी लागणारी व्यावसायिक सॉफ्टवेअर साधने अतिशय महाग असतात व त्यांचे परवाने ठरावीक मुदतीनंतर नव्याने घ्यावे लागतात. केंद्र शासनाच्या 'चिप्स टू स्टार्टअप' कार्यक्रमात सहभागी असलेल्या संस्थांना सी-डॅकच्या बंगळूरु येथील 'चिपइन' केंद्रामार्फत अशी साधने उपलब्ध होतात. या कार्यक्रमाचे उद्दिष्ट ८५ हजार अभियंते प्रशिक्षित करण्याचे आहे. एखादे महाविद्यालय यात सहभागी आहे का, असल्यास पदवीच्या विद्यार्थ्यांना ती साधने वापरावयास मिळतात की केवळ पदव्युत्तर विद्यार्थ्यांना, ही चौकशी आवश्यक असते.

अध्यापकांबाबत पदव्यांपेक्षा विषयाशी असलेला संबंध पाहणे उपयुक्त ठरते. विभागात चिपरचना, संगणक वास्तुरचना किंवा अंतःस्थापित प्रणाली या क्षेत्रांत काम करणारे निदान दोन-तीन नियमित अध्यापक असावेत. मागील वर्षांच्या अंतिम प्रकल्पांची शीर्षके विभागाची खरी ओळख करून देतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या विभागातील बहुतेक प्रकल्प संकेतस्थळे व मोबाइल अनुप्रयोग यांचे असतील, तर तेथे हार्डवेअरची परंपरा क्षीण आहे असे समजण्यास हरकत नाही.

मान्यता, अधिस्वीकृती व क्रमवारी

या तीन गोष्टी अनेकदा एकच समजल्या जातात. परंतु त्यांचे अर्थ भिन्न आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता व विद्यापीठाची संलग्नता या संलग्न महाविद्यालयासाठी किमान अटी आहेत. त्या गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हेत. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, अर्थात 'नॅक', संपूर्ण संस्थेचे मूल्यमापन करते. राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ, अर्थात 'एनबीए', प्रत्येक शाखेचे स्वतंत्रपणे मूल्यमापन करते. त्यामुळे एखाद्या महाविद्यालयाच्या यंत्र अभियांत्रिकीला एनबीएची अधिस्वीकृती असली तरी इलेक्ट्रॉनिक्सला ती असेलच असे नाही. अधिस्वीकृतीची मुदतही मर्यादित असते.

भारत २०१४ मध्ये 'वॉशिंग्टन करार' या आंतरराष्ट्रीय कराराचा स्थायी सदस्य झाला. या करारानुसार मिळणारी परस्परमान्यता एनबीएने प्रथम श्रेणीत अधिस्वीकृत केलेल्या शाखांपुरतीच असते. परदेशी उच्च शिक्षण किंवा व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांनी ही बाब ध्यानात घ्यावी लागते.

केंद्र शासनाची 'एनआयआरएफ' ही क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होत आहे. तिच्यात अध्यापन व साधने, संशोधन, पदवीधरांची निष्पत्ती, सर्वसमावेशकता आणि जनमानसातील प्रतिमा हे पाच निकष असतात. अभियांत्रिकीची क्रमवारी संपूर्ण संस्थेची असते, एखाद्या शाखेची नव्हे. त्यामुळे हार्डवेअरच्या दृष्टीने तिचा उपयोग मर्यादित आहे.

प्रवेशप्रक्रिया व पसंतीक्रम

महाराष्ट्रातील शासकीय, अनुदानित व विनाअनुदानित महाविद्यालयांतील बहुतांश जागा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून भरल्या जातात. त्यासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित या विषयगटाची एमएचटी-सीईटी द्यावी लागते. तीत गणिताला १०० आणि उरलेल्या दोन विषयांना प्रत्येकी ५० गुण असतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. निकाल पर्सेंटाइलमध्ये जाहीर होतो. ९५ पर्सेंटाइल म्हणजे शेकडा ९५ गुण नव्हेत. परीक्षार्थींपैकी ९५ टक्क्यांच्या बरोबरीचे किंवा त्यांहून अधिक गुण मिळाले, असा त्याचा अर्थ आहे.

भारतीय प्रौद्योगिकी संस्थांसाठी जेईई मुख्य व जेईई प्रगत, तर राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था व केंद्रीय अर्थसाहाय्य असलेल्या इतर संस्थांसाठी जेईई मुख्य ही परीक्षा द्यावी लागते. दहावीनंतर तंत्रनिकेतनातून तीन वर्षांची पदविका पूर्ण करणाऱ्यांना पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. तंत्रनिकेतनात प्रात्यक्षिकांवर भर असल्याने हार्डवेअरची आवड असलेल्यांना हा मार्ग मानवतो. मात्र पदवीच्या गणिताची तयारी त्यांना स्वतंत्रपणे करावी लागते.

केंद्रीभूत प्रक्रियेत विद्यार्थ्याला महाविद्यालय व शाखा यांच्या जोड्यांचा पसंतीक्रम भरावा लागतो. मागील वर्षांच्या फेऱ्यांतील शेवटचे प्रवेशगुण उपलब्ध असतात व ते अंदाजासाठी उपयोगी पडतात. तथापि ज्या जागी प्रवेश मिळण्याची शक्यता अधिक ती वर, असा क्रम लावणे ही नेहमी होणारी चूक आहे. जागावाटप गुणवत्तेनुसार व विद्यार्थ्याच्या क्रमानेच होत असल्याने अवघड पर्याय वर ठेवल्याने खालच्या पर्यायावरील हक्क कमी होत नाही. उलट पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाल्यास ती स्वीकारणे बंधनकारक असते. म्हणून पहिल्या क्रमांकावर खरोखर हवा असलेला पर्यायच असावा. फेऱ्यांचे उर्वरित नियम वेळोवेळी बदलत असल्याने त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचणे आवश्यक असते.

या टप्प्यावर 'नामवंत महाविद्यालयातील नको असलेली शाखा की साध्या महाविद्यालयातील हवी असलेली शाखा' हा पेच उभा राहतो. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलण्याची संधी मोजक्यांनाच मिळते, त्यामुळे त्या आशेवर केलेला प्रवेश जोखमीचा ठरतो. इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार शाखेत राहून सॉफ्टवेअरकडे वळणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. सॉफ्टवेअरप्रधान शाखेतून चिपरचनेकडे वळणे मात्र तुलनेने कठीण जाते. कारण परिपथ व अर्धवाहक उपकरणे यांचा पाया नंतर स्वतःच्या बळावर घालावा लागतो. हार्डवेअरबाबत निश्चय झालेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत शाखेचे पारडे जड धरण्याचे हेच मुख्य कारण होय.

खर्च व सवलती

शासकीय व विनाअनुदानित महाविद्यालयांच्या शुल्कात मोठी तफावत असते. विनाअनुदानित संस्थांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण निश्चित करते व ते जाहीर केलेले असते. त्याखेरीज देणगीच्या रूपाने रक्कम घेण्यास १९८७ च्या महाराष्ट्र कायद्याने मनाई आहे. वसतिगृह, भोजन, प्रवास व प्रकल्पाचे सुटे भाग यांचा खर्च वेगळा धरावा लागतो.

शिक्षण शुल्क माफी योजनेखाली वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील गुणवान विद्यार्थ्यांसाठी पाच टक्के अतिरिक्त जागा असतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून पात्र विद्यार्थ्यांना शुल्काचा काही भाग मिळतो. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळू लागली आहे. केंद्रीभूत प्रक्रियेबाहेर, संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला बहुतेक सवलती लागू होत नाहीत. कर्ज काढून संस्थास्तरावरील जागा घेण्यापूर्वी हा फरक तपासला नाही, तर कुटुंबावर मोठा बोजा पडू शकतो.

महाराष्ट्र व गोव्यातील काही संस्था

पुण्याची सीओईपी ही १८५४ पासूनची संस्था असून २०२२ मध्ये तिला स्वतंत्र तंत्रविद्यापीठाचा दर्जा मिळाला. मुंबईची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था १८८७ मध्ये, तर सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ मध्ये स्थापन झाले. नांदेडची श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था १९८१ पासून मराठवाड्यात कार्यरत आहे. कराड, अमरावती व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांतही इलेक्ट्रॉनिक्सशी संबंधित शाखा आहेत.

केंद्रीय संस्थांपैकी नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था व मुंबईची भारतीय प्रौद्योगिकी संस्था प्रमुख आहेत. मुंबईच्या संस्थेने 'अजित' हा प्रोसेसर रचला. पुणे व नागपूर येथील भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्थांत इलेक्ट्रॉनिक्स व दळणवळण ही शाखा उपलब्ध आहे. गोव्यात फोंड्याजवळ फर्मागुडी येथे शासकीय गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय असून, राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था आणि भारतीय प्रौद्योगिकी संस्था याही राज्यात कार्यरत आहेत. या सर्व ठिकाणी प्रवेशाची चुरस मोठी असते. त्यांबाहेरील अनेक महाविद्यालयांत उत्साही अध्यापकांमुळे एखादा विभाग विशेष चांगला चाललेला असतो. तो प्रत्यक्ष भेटीतूनच कळतो.

पुढील शिक्षण व रोजगार

चिपरचनेची कामे भारतात प्रामुख्याने बंगळूरु, हैदराबाद, नोएडा व काही प्रमाणात पुणे येथे एकवटली आहेत. या क्षेत्रातील अनेक पदांसाठी पदव्युत्तर पदवीला प्राधान्य मिळत असल्याने गेट परीक्षेद्वारे एम.टेक. करणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय असते. सी-डॅक चिपरचनेचा व अंतःस्थापित प्रणालींचा सुमारे सहा महिन्यांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही चालविते.

केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये अर्धवाहक उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यानंतर गुजरातेत साणंद येथे चिपची जोडणी व चाचणी आणि धोलेरा येथे प्रत्यक्ष चिपनिर्मिती असे प्रकल्प मंजूर झाले. निर्मिती-कारखान्यांत रसायन, पदार्थविज्ञान व यंत्र अभियांत्रिकीच्या पदवीधरांनाही काम असते. चिपची रचना हे मात्र इलेक्ट्रॉनिक्सचेच क्षेत्र आहे. 'चिप उद्योगात मागणी आहे' या सर्वसाधारण विधानावरून शाखा निवडताना हा भेद लक्षात ठेवावा लागतो.

रोजगाराची माहिती घेताना सर्वाधिक वेतनाच्या आकड्यापेक्षा त्या शाखेतील मध्यमान वेतन आणि हार्डवेअरच्या कामावर रुजू झालेल्यांची संख्या विचारणे अधिक उपयुक्त असते. इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीधराला मिळालेली सॉफ्टवेअरमधील नोकरीही त्याच विभागाच्या यशात धरली जाते.

भेटीच्या वेळी विचारण्याजोगे प्रश्न

• गेल्या दोन वर्षांत चिपरचना व अंतःस्थापित प्रणाली यांतील कोणते ऐच्छिक विषय प्रत्यक्ष शिकविले गेले?

• प्रयोगशाळेत एका संचावर किती विद्यार्थी काम करतात? ती सायंकाळी खुली असते का?

• अंतिम वर्षाचे किती प्रकल्प प्रत्यक्ष परिपथ किंवा फलक तयार करून पूर्ण झाले?

• या शाखेला एनबीएची अधिस्वीकृती आहे का व तिची मुदत कधीपर्यंत आहे?

• विद्यार्थ्यांना हार्डवेअर उद्योगात किंवा संशोधन संस्थेत आंतरवासिता मिळते का?

या प्रश्नांची उत्तरे प्रवेश कक्षापेक्षा तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे विद्यार्थी व प्रयोगशाळा साहाय्यक यांच्याकडून अधिक नेमकी मिळतात.

हे सुद्धा पाहा

• संगणक अभियांत्रिकी
• एकात्मिक परिपथ
• अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद
• परम महासंगणक
• एमएचटी-सीईटी